रिदम अँड ब्लूजची आरंभीची ध्वनिमुद्रणे व रॉक अँड रोलचे मूळ

एखाद्या कलाप्रकाराचा जन्म अमुक दिवशी, अमुक ठिकाणी झाला असे निश्चयाने सांगण्याचा मोह इतिहासकारांना नेहमीच पडत आला आहे. रॉक अँड रोल ह्या अमेरिकन संगीतप्रकाराच्या बाबतीत तो विशेष बळावलेला दिसतो. कारण येथे पुरावा तबकड्यांच्या रूपाने उपलब्ध आहे आणि तबकडीला तारीख असते. कोणी १२ एप्रिल १९५४ हा दिवस पुढे करतात. त्या दिवशी न्यूयॉर्क येथे बिल हेली ह्याने 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गीत ध्वनिमुद्रित केले. कोणी त्याच वर्षाच्या ५ जुलैकडे बोट दाखवितात. त्या रात्री मेम्फिस शहरातील एका लहानशा ध्वनिमुद्रणगृहात एल्व्हिस प्रेस्ली हा एकोणीस वर्षांचा तरुण प्रथमच आपल्या खऱ्या आवाजात गायला. जिम डॉसन आणि स्टीव्ह प्रोप्स ह्यांनी १९९२ साली केवळ ह्या प्रश्नालाच वाहिलेला एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात पहिलेपणाचा मान सांगू शकतील अशा पन्नास तबकड्या तपासल्या. उमेदवार पन्नास निघतात ह्याचा अर्थ प्रश्नच नीट मांडला गेलेला नाही, असा कोणी काढला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही. तरीही तो प्रश्न टाकाऊ नव्हे. पहिले कोण, ह्याच्या उत्तरावर श्रेय कोणाला द्यावयाचे हे ठरते, आणि ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात श्रेयाच्या पाठोपाठ द्रव्य जाते.

प्रथम नावाचा विचार केला पाहिजे. १० ऑगस्ट १९२० रोजी मॅमी स्मिथ ह्या कृष्णवर्णीय गायिकेने ओके कंपनीसाठी पेरी ब्रॅडफर्डचे 'क्रेझी ब्लूज' हे गीत मुद्रित केले. तबकडीचा खप कंपनीच्या कल्पनेपलीकडे गेला आणि कृष्णवर्णीय लोक तबकड्या विकत घेतात ह्या साध्या गोष्टीचा व्यापाऱ्यांना शोध लागला. तेव्हापासून ह्या गिऱ्हाइकासाठी काढलेल्या मालाला 'रेस रेकॉर्ड्‌स', म्हणजे वंशाच्या तबकड्या, असे नाव पडले. ह्या नावाखाली ब्लूज येई, जॅझ येई, चर्चमधील भजने आणि प्रवचनेही येत. अर्थात हे नाव संगीताचे लक्षण सांगत नव्हते. ते विकत घेणाराच्या कातडीचा रंग सांगत होते. 'बिलबोर्ड' ह्या व्यवसायपत्राने ऑक्टोबर १९४२ मध्ये 'हार्लेम हिट परेड' नावाची लोकप्रिय तबकड्यांची यादी सुरू केली, १९४५ साली तिचे नाव बदलून त्यात 'रेस' हा शब्द आणला आणि जून १९४९ मध्ये तोही काढून 'रिदम अँड ब्लूज' हे नाव घातले. हा बदल सुचविण्याचे श्रेय त्या वेळी तेथे काम करणाऱ्या जेरी वेक्सलर ह्यांना देण्यात येते. पुढे १९५३ साली तेच ॲटलांटिक कंपनीत भागीदार म्हणून गेले. नवे नाव जुन्यापेक्षा सभ्य होते, परंतु यादीतील तबकड्या त्याच राहिल्या आणि गिऱ्हाईकही तेच राहिले.

ह्या नावाखाली एकत्र आलेल्या संगीताची घडण समजून घेतल्याखेरीज पुढील इतिहास कळणार नाही. ब्लूजचा सांगाडा बारा मात्रागणांचा असतो. प्रत्येक गणात चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रांचे आवर्तन. पहिले चार गण मुख्यतः षड्जावरील स्वरसंघातावर राहतात. पाचव्या गणात आधार मध्यमावर सरकतो, सातव्यात परततो. नवव्यात पंचमावर जातो आणि मग स्वगृही येतो. काव्याच्या ओळी तीन असतात: पहिली, तिचीच पुनरुक्ती आणि त्या दोहोंना उत्तर देणारी तिसरी. ओळ चार गणांच्या निम्म्या भागातच संपते आणि उरलेली जागा वाद्य भरून काढते. गाणाराने प्रश्न टाकावा आणि गिटारीने उत्तर द्यावे असा हा संवाद असतो. गांधार आणि निषाद हे स्वर कोमल आणि शुद्ध ह्यांच्या मधल्या जागी, किंचित हलते ठेवून, लावले जातात. श्रुतींच्या विचाराला सरावलेल्या श्रोत्याला ही गोष्ट सहज उमजते. पाश्चात्त्य स्वरलिपीला मात्र ती कागदावर उतरविताना फार कष्ट पडले.

ह्या सांगाड्यावर तीन गोष्टींचे कलम झाले. पहिली म्हणजे बूगी-वूगी ही पियानोवादनाची रीत. हिच्यात डावा हात एका गणात आठ आघातांची सारखी चाल धरून ठेवतो आणि उजवा हात तिच्यावर मोकळेपणाने खेळतो. पाइनटॉप स्मिथने १९२८ साली ती तबकडीवर आणली. डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये झालेल्या जलशात ॲल्बर्ट ॲमन्स, मीड लक्स लुइस आणि पीट जॉन्सन ह्यांनी ती नागर श्रोत्यांसमोर मांडली. दुसरी गोष्ट चर्चमधील गायनाची. टाळी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर न देता दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यावयाची ही तेथील सामुदायिक गायनाची सवय. समेवर जोर अपेक्षिणाऱ्या कानाला ती प्रथम चमत्कारिक वाटते, परंतु शरीराला हलविण्याचे सामर्थ्य तिच्यात मोठे आहे. सिस्टर रोझेटा थार्प ही भक्तिगीते गाणारी स्त्री विद्युत्‌गिटार अशा धिटाईने वाजवी, की १९४४ साली मुद्रित झालेले तिचे 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' हे गीत पुढील वर्षी लौकिक तबकड्यांच्या यादीत जाऊन बसले. तिसरी गोष्ट सॅक्सोफोनची. लायोनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदाने मे १९४२ मध्ये मुद्रित केलेल्या 'फ्लाइंग होम' ह्या रचनेत इलिनॉय जॅके ह्या तरुणाने जे एकल वादन केले, त्याचा घोगरा, ओरडणारा सूर पुढच्या दहा वर्षांतील बहुतेक सॅक्सोफोनवादकांनी उचलला.

ह्या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या हाती एकत्र आल्या, तो लुई जॉर्डन. आर्कान्सा राज्यात १९०८ साली जन्मलेला हा वादक मोठ्या वाद्यवृंदांतून तयार झाला. पण त्याने स्वतःचा ताफा लहान ठेवला. वादकांची संख्या कमी, वेग जास्त, शब्द विनोदी आणि शहरी जीवनातले, असा त्याचा थाट होता. त्याचे 'चू चू च्बूगी' हे गीत १९४६ साली अठरा आठवडे यादीच्या अग्रभागी राहिले. त्याच वर्षीच्या त्याच्या दुसऱ्या एका तबकडीच्या आरंभी कार्ल होगन हा गिटारवादक जे चार गण वाजवितो, तेच चक बेरीने १९५८ साली 'जॉनी बी. गुड'च्या आरंभी जवळजवळ जसेच्या तसे घेतले. आज जगभर रॉक संगीताची खूण म्हणून ओळखला जाणारा तो स्वरसमूह बारा वर्षे आधीचा आहे आणि ज्याने तो वाजविला त्याचे नाव अभ्यासकांखेरीज क्वचितच कोणी घेतो.

आता व्यवसायाच्या बाजूकडे वळावयाचे. मोठे वाद्यवृंद मागे पडून लहान ताफे पुढे आले ह्यात अभिरुचीचा भाग होता, त्याहून अधिक खर्चाचा होता. महायुद्धाच्या काळात पेट्रोल मिळेना, वादक सैन्यात गेले आणि १९४४ पासून नृत्यगृहांवर जबर कर बसला. त्याच्या जोडीला लाखेची टंचाई आली. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी लाखेची असे, आणि ती लाख प्रामुख्याने भारतातून, छोटा नागपूरच्या जंगलांतील पळस, बोर आणि कुसुम ह्या झाडांवरून जाई. जपानच्या आक्रमणामुळे सागरी वाहतूक धोक्यात येताच अमेरिकन सरकारने १९४२ च्या वसंतात तबकड्यांसाठी मिळणाऱ्या लाखेत मोठी कपात केली. नवी तबकडी हवी असेल तर जुनी परत आणून द्या, अशी विनवणी दुकानदार करू लागले. त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून वादकसंघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला. दोन सर्वांत मोठ्या कंपन्यांशी त्याचा समेट होण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडला. थोडी लाख आणि थोडे ध्वनिमुद्रण अशा स्थितीत मोठ्या कंपन्यांनी आपल्या यादीतून प्रथम काय वगळले असेल हे सांगावयास नको.

परंतु गिऱ्हाईक नाहीसे झाले नव्हते. उलट वाढत होते. दक्षिणेतील कापसाच्या शेतांवरून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या कारखान्यांकडे जे स्थलांतर १९१० च्या सुमारास सुरू झाले आणि १९७० पर्यंत चालले, त्यात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक हलले. युद्धकाळात त्यांच्या हाती मजुरीचा पैसा आला. ही मोकळी जागा लहान कंपन्यांनी भरली: नेवार्क येथे सॅव्हॉय, सिन्सिनाटी येथे सिड नेथनची किंग, लॉस एंजेलिस येथे मॉडर्न, स्पेशल्टी आणि इंपीरियल, न्यूयॉर्क येथे १९४७ साली ॲटलांटिक, शिकागो येथे प्रथम ॲरिस्टोक्रॅट व १९५० पासून चेस. ह्यांचे चालक बहुधा व्यापारी होते. कोणी तबकड्यांचे दुकान चालवी, कोणी नाणे टाकून वाजविण्याच्या यंत्रांचा धंदा करी, कोणी मद्यगृह चालवी. संगीताचे शास्त्र त्यांना फारसे अवगत नव्हते. गल्लीतल्या लोकांना काय आवडते हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते, आणि कदाचित म्हणूनच त्यांनी वादकांना वळण लावण्याचा प्रयत्न केला नाही.

ह्या काळाचा उत्तम नमुना म्हणून 'गुड रॉकिंग टुनाइट' ह्या गीताची हकिकत पाहावी. न्यू ऑर्लिन्सच्या रॉय ब्राउनने ते रचले आणि आपल्याहून नाणावलेल्या वायनोनी हॅरिस ह्या गायकाला देऊ केले. हॅरिसने ते नाकारले. तेव्हा ब्राउनने १९४७ साली ते स्वतःच मुद्रित केले आणि ते चालले. वादकसंघाचा दुसरा बहिष्कार १ जानेवारी १९४८ पासून सुरू होणार होता. त्यामुळे डिसेंबर महिन्यात सर्व कंपन्या मिळेल त्या गायकाकडून मिळेल ते मुद्रित करून ठेवीत होत्या. ह्या धावपळीत हॅरिसने नाकारलेलेच गीत किंग कंपनीसाठी गायले. दोन तबकड्या लागोपाठ ऐकल्या तर फरक स्पष्ट होतो. ब्राउनच्या गळ्यात चर्चमधील आर्त हाक आहे, ताल मात्र सैल आहे. हॅरिसच्या तबकडीत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळ्या पडतात आणि सारी रचना त्या टाळ्यांवर उभी राहते. १९४८ साली हॅरिसची तबकडी यादीच्या अग्रभागी पोहोचली. प्रेस्लीने १९५४ च्या सप्टेंबरात हेच गीत आपल्या दुसऱ्या तबकडीसाठी निवडले. 'रॉक' ह्या शब्दाचा अर्थ ह्या वाटचालीत कसा पालटत गेला हेही लक्षात घेण्यासारखे आहे; भजनांत तो भक्तीच्या आवेशाचा द्योतक होता, ब्लूजमध्ये शय्येचा, आणि ह्या गीतानंतर तो सरळ नाचाचा झाला.

ब्राउनचे ते गीत ज्या ध्वनिमुद्रणगृहात तयार झाले त्याच्याविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. रॅम्पर्ट आणि डुमेन ह्या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील एका दुकानाच्या मागील खोलीत कोसिमो मॅटासा ह्यांनी ते थाटले होते. खोली एकच, गायक आणि सर्व वादक तीतच दाटीने उभे राहत. ध्वनिग्राहक मोजके असल्याने कोणाचा आवाज किती यावा हे माणसांना पुढेमागे उभे करून ठरवावे लागे आणि चूक झाली तर सारे गीत पुन्हा पहिल्यापासून वाजवावे लागे. १० डिसेंबर १९४९ रोजी फॅट्स डॉमिनो ह्या पियानोवादकाने येथे इंपीरियल कंपनीसाठी 'द फॅट मॅन' हे गीत मुद्रित केले. चाल जुनीच, 'जंकर्स ब्लूज' नावाच्या पूर्वीच्या गीताची. मूळ गीत मादक द्रव्यांविषयीचे असल्याने शब्द बदलले होते. नवीन होता तो त्यातील ठोका. अर्ल पामर ह्या तबलजीने, म्हणजे पाश्चात्त्य नगाऱ्यांच्या संचावर बसणाऱ्या वादकाने, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरील आघात गीताच्या आरंभापासून अखेरपर्यंत सोडलाच नाही.

ह्याच पामरच्या हातून सहा वर्षांनी जो दुसरा बदल झाला तो अधिक सूक्ष्म आहे, आणि रिदम अँड ब्लूज कोठे संपते व रॉक अँड रोल कोठे सुरू होते ह्याचे काही एक संगीतशास्त्रीय उत्तर द्यावयाचेच असेल तर ते येथे सापडते. जुन्या रीतीत मात्रेचे दोन भाग असमान असत: पहिला लांब, दुसरा आखूड, जणू मात्रेचे तीन अंश करून दोन पहिल्याला व एक दुसऱ्याला द्यावा. त्यामुळे चाल झोके खाई. सप्टेंबर १९५५ मध्ये लिट्‌ल रिचर्ड हा गायक स्पेशल्टी कंपनीसाठी ह्याच खोलीत 'टूटी फ्रूटी' मुद्रित करण्यास आला. त्याचा उजवा हात पियानोवर समान अंशांचे, एकाला एक चिकटलेले आघात करी. त्याच्यासारख्या वादकापुढे झोके खाणारी जुनी चाल टिकत नाही हे ओळखून आपणही समान अंशांकडे वळलो, असे पामरने पुढे सांगितले आहे. ह्या काळातील कित्येक तबकड्यांत काही वादक जुन्या रीतीने आणि काही नव्या रीतीने वाजवीत असल्याचे नीट कान दिल्यास ऐकू येते. 'जॉनी बी. गुड'मध्येही बेरीची गिटार समान अंशांनी जाते आणि मागील ताल अजून झोके खात असतो. ह्या ओढाताणीतच त्या तबकड्यांची गोडी आहे.

मार्च १९५१ मधील 'रॉकेट ८८'चा उल्लेख टाळता येणार नाही, कारण पहिलेपणाचा मान तिलाच सर्वांत अधिक वेळा दिला गेला आहे. मिसिसिपी राज्यातील आइक टर्नर आपला ताफा घेऊन मेम्फिसला सॅम फिलिप्स ह्यांच्याकडे आला. वाटेत विली किझार्टच्या गिटारीचे ध्वनिवर्धक यंत्र बिघडले आणि कर्ण्याचा पडदा फाटला. फिलिप्स ह्यांनी त्यात कागद कोंबून तसेच मुद्रण केले. फाटक्या पडद्यामुळे गिटारीला जी खरखर आली ती त्यांना आवडली आणि त्यांनी ती मुद्दाम पुढे आणली. गीत ओल्ड्‌समोबिल कंपनीच्या मोटारीवर आहे. त्याचा साचा जिमी लिगिन्स ह्याच्या 'कॅडिलॅक बूगी' ह्या थोड्या आधीच्या गीतावरून घेतलेला. म्हणजे पहिल्या तबकडीलाही पूर्वज आहेच. ताफा टर्नरचा असूनही चेस कंपनीने ती 'जॅकी ब्रेन्स्टन आणि त्याचे डेल्टा कॅट्‌स' ह्या नावाने प्रसिद्ध केली. ब्रेन्स्टन हा त्या ताफ्यातील सॅक्सोफोनवादक आणि ह्या गीताचा गायक.

नभोवाणीचे कार्य थोडक्यात सांगता येईल. मेम्फिस येथील डब्ल्यूडीआयए केंद्राने १९४८ साली नॅट विल्यम्स ह्या शिक्षकाला बोलावून कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी कार्यक्रम सुरू केले आणि लवकरच सारा दिवस त्यांनाच दिला. क्लीव्हलंड येथे जुलै १९५१ पासून ॲलन फ्रीड हा गौरवर्णीय निवेदक रात्री ह्याच तबकड्या वाजवू लागला. त्याने २१ मार्च १९५२ रोजी भरविलेल्या जलशास जागेच्या क्षमतेपेक्षा इतके अधिक लोक आले की तो थोड्याच वेळात बंद करावा लागला. ह्या संगीताला 'रॉक अँड रोल' हे नाव रूढ करण्याचे श्रेय बहुधा फ्रीडला देतात. त्याने शब्द निर्माण केले नाहीत. गौरवर्णीय तरुणांना जुन्या नावाची आठवण येणार नाही अशी एक पाटी मात्र त्याने पुरविली. नभोलहरींना वस्त्यांच्या सीमा कळत नाहीत, त्यामुळे ही तरुण मुले एव्हाना घरबसल्या ऐकू लागलीच होती.

ह्यानंतरचा भाग कायद्याचा आहे आणि तो समजल्याशिवाय १९५४ साली काय घडले ते नीट कळत नाही. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने गीताची रचना, म्हणजे शब्द आणि चाल, संरक्षित होती. गीत एकदा मुद्रित झाले की दुसरा कोणीही रचनाकाराच्या हक्कदाराला प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट देऊन ते पुन्हा मुद्रित करू शकत असे. परवानगीची आवश्यकता नव्हती. ध्वनिमुद्रणाला स्वतःला मात्र केंद्रीय कायद्याचे संरक्षण १५ फेब्रुवारी १९७२ पर्यंत नव्हतेच. मग गायिकेची लकब, तबलजीचा ठोका, वाद्यांची मांडणी ही कोणाची? ह्या प्रश्नावर १९५० साली कॅलिफोर्नियात एक खटला झाला. पॉला वॉटसन ह्या कृष्णवर्णीय गायिकेच्या तबकडीची नक्कल एव्हलिन नाइटच्या तबकडीत केली आहे अशी सुप्रीम ह्या लहान कंपनीची डेक्का ह्या मोठ्या कंपनीविरुद्ध तक्रार होती. मांडणीवर स्वामित्व सांगता येत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला.

ह्या निकालाचे फळ पुढील पाच वर्षांत दिसले. रिदम अँड ब्लूजची तबकडी चालू लागताच मोठी कंपनी तेच गीत गौरवर्णीय गायकाकडून, बहुतेक तीच मांडणी ठेवून, मुद्रित करी आणि आपल्या विस्तृत वितरणाच्या जोरावर मूळ तबकडीला झाकून टाकी. द कॉर्ड्‌स ह्या गायकसमूहाचे 'शबूम' १९५४ साली क्रू-कट्‌स ह्या कॅनेडियन मंडळींनी असेच घेतले. लाव्हर्न बेकरचे 'ट्वीडल डी' जॉर्जिया गिब्जने जवळजवळ स्वरास्वराने उतरविले आणि त्याचा खप मूळ तबकडीहून अधिक झाला. रचनाकाराला दोहोंकडून दोन-दोन सेंट मिळत. पण बेकर रचनाकार नव्हती, तिला दुसऱ्या तबकडीतून एक पैही मिळाली नाही. तिने १९५५ साली डेट्रॉइटचे लोकप्रतिनिधी चार्ल्स डिग्ज ह्यांना पत्र लिहून कायदा बदलण्याची मागणी केली. कायदा बदलला नाही.

तथापि सर्व व्यवहार एका दिशेने चालला होता असे चित्र रंगविणे सत्याला धरून होणार नाही. बिल हेली हा मूळचा ग्रामीण गौरवर्णीय संगीतातला. त्याने १९५१ सालीच 'रॉकेट ८८' गाऊन पाहिले होते. त्याचे 'रॉक अराउंड द क्लॉक' आणि बिग जो टर्नरच्या गीतावरून घेतलेले 'शेक, रॅटल अँड रोल' ज्यांच्या देखरेखीखाली मुद्रित झाले, ते मिल्ट गॅब्लर ह्यापूर्वी अनेक वर्षे लुई जॉर्डनच्या तबकड्या करीत आले होते, आणि जॉर्डनच्या ताफ्यातील स्वरवाक्ये आपण हेलीच्या वादकांना गुणगुणून दाखवीत असू असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. उलट बाजूने, चक बेरीचे मे १९५५ मधील 'मेबलीन' हे 'आयडा रेड' नावाच्या ग्रामीण गौरवर्णीय गीतावरून सुचलेले आहे. उसनवारी दोन्हीकडून होती. हिशेबाची वही मात्र एकाच बाजूकडे होती. 'मेबलीन'च्या रचनाकारांत ॲलन फ्रीड आणि रस फ्रॅटो ह्यांची नावे बेरीच्या नकळत घालण्यात आली, आणि ती निघून स्वामित्व एकट्या बेरीकडे येण्यास १९८६ साल उजाडावे लागले. प्रेस्लीने ५ जुलै १९५४ च्या रात्री गायिलेले 'दॅट्‌स ऑल राइट' हे आर्थर क्रूडप ह्याने १९४६ साली मुद्रित केले होते. त्याच्या वाट्याची रॉयल्टी त्याला हयातीत पुरती कधीच मिळाली नाही. १९७४ साली तो वारला.

ॲटलांटिक कंपनीचा आरंभीचा उत्कर्ष ज्या गायिकेच्या तबकड्यांवर झाला ती रूथ ब्राउन १९६१ साली कंपनी सोडून गेली आणि पुढे तिला घरकाम करून व शाळेची बस चालवून चरितार्थ चालवावा लागला. ध्वनिमुद्रणाचा खर्च गायकाच्या नावे टाकण्याची रीत असल्याने वहीत ती कायम ऋणकोच दिसे. दीर्घ झगड्यानंतर १९८८ साली कंपनीने तिचे व इतर काही कलावंतांचे हे कर्ज रद्द केले, मागील वीस वर्षांची रॉयल्टी दिली आणि रिदम अँड ब्लूज फाउंडेशन ह्या संस्थेच्या स्थापनेस द्रव्य पुरविले.

अमेरिकेने २०१८ साली केलेल्या कायद्याने १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांनाही प्रथमच केंद्रीय संरक्षण दिले. मॅमी स्मिथचे 'क्रेझी ब्लूज' १ जानेवारी २०२२ रोजी सर्वांसाठी मुक्त झाले. १९४७ ते १९५६ ह्या काळात प्रसिद्ध झालेल्या तबकड्यांना, म्हणजे ह्या लेखात ज्यांचा विचार झाला त्यांपैकी बहुतेकांना, प्रकाशनापासून ११० वर्षांची मुदत आहे. त्या हिशेबाने 'रॉकेट ८८' २०६१ च्या अखेरपर्यंत संरक्षित राहील. हे संरक्षण ध्वनिमुद्रणाच्या मालकाला आहे. चेस कंपनीचा संग्रह हस्तांतरे होत होत आज युनिव्हर्सल ह्या कंपनीकडे आहे.